खो दिला की घातला?

“खो!”

पद्मिनचा पंजा जुलेखाच्या पाठीवर असा दणकून पडला, की आवाज पार खिचडीच्या शेडपर्यंत गेला. जुलेखा उठायच्या आधीच तोंडावर आपटली. धुळीतनं वर आली तेव्हा तिचा खालचा ओठ फाटला होता आणि दात रक्तानं लाल झाले होते.

“अगं ए, जीव घेतीस काय तिचा!” मी रेषेबाहेरून ओरडले. मी संघातली बारावी, म्हणजे कायमची राखीव. ओरडणं हेच माझं मुख्य काम होतं.

“हिला झेपत नाही तर मी काय करू?” पद्मिन म्हणाली आणि पाठ फिरवून खांबाकडे चालायला लागली.

जुलेखानं ओढणी ओठावर दाबली आणि सरळ घराकडे निघाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याची फायनल होती हो! आणि आमच्या दोन सगळ्यात भारी पळणाऱ्या एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. मला तिथंच रडू यायला लागलं.

पद्मिन कोळेकर आणि जुलेखा मुजावर पहिलीपासून एका बाकावर. एकीनं डबा उघडला की दुसरीचा हात आधी आत जायचा. आता आम्ही नववीत होतो आणि भांडणाचं मूळ सगळ्या वर्गाला माहीत होतं. जिल्ह्याच्या निवासी क्रीडाशाळेत आमच्या हरणवाडीच्या शाळेतल्या एकाच मुलीला जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच. क्रीडाशाळेच्या बाई फायनल बघायला येणार होत्या, आणि कुणाचं नाव पुढं करायचं ते आमचे खो-खोचे गुंड सर त्यांना तिथंच सांगणार होते.

पद्मिनला ती जागा जिवापाड हवी होती. तिचे वडील मायाप्पा मेंढरं घेऊन अर्धं वर्ष रानोमाळ असायचे. दहावी झाली की पद्मिननंही मेंढरामागं जायचं, असं त्यांच्या घरात ठरल्यातच जमा होतं. “ही जागा गेली की माझी शाळा गेली, वैजे,” असं ती मला कितीदा म्हणाली असेल. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिची चुलती हौसाकाकू, जी आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, तिनं घरी जाऊन सांगितलं होतं, की मुजावराच्या पोरीनं सरांकडं जाऊन तुझ्या नावात खो घातला.

आता आमच्या शाळेची गंमत ऐका. खो-खो शिकवायला गुंड सर आणि शांतता शिकवायला लोखंडे मॅडम! मॅडम एक प्रशिक्षण घेऊन आल्या आणि दर शनिवारी त्यांनी समेटाचा तास सुरू केला. मुलांची भांडणं मुलांनीच बसून मिटवायची. त्यासाठी आम्हा चौघांना निवडून ‘समेटकरी’ केलं आणि गळ्यात हिरवी पट्टी दिली. पोरं आम्हाला बघितलं की ओरडायची, “आली रे आली, पंचायत आली!” तोवर आम्ही कंपासपेटीची चोरी, खिडकीची जागा आणि कुणी कुणाच्या सायकलची हवा सोडली, एवढ्यावरच हात साफ केला होता.

मॅडमचे नियम तीन. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं ते तिच्याच शब्दांत परत म्हणायचं. पहिलीनं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय दुसरीनं आपलं काही काढायचं नाही. समेटकरी बाईनं निकाल द्यायचा नाही. आणि खोलीतलं खोलीत ठेवायचं. पहिला नियम मला पोपटपंची वाटायचा. निकाल द्यायचा नाही ही तर शिक्षाच होती, कारण माझा निकाल भांडण ऐकायच्या आधी तयार असायचा. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत.

फायनलच्या दिवशी सकाळी हेडसरांनी पद्मिनला उभं केलं. “मुद्दाम पाडलंस. तू संघात नाहीस.”

पद्मिनचा चेहरा पांढराफटक पडला. संघात नाही म्हणजे क्रीडाशाळेच्या बाईंच्या नजरेसमोरच नाही.

“सर, मुलींना समेटाला बसू द्या,” लोखंडे मॅडम म्हणाल्या. “दोघींचं मिटलं तर न्या. नाही मिटलं तर तुम्ही म्हणाल तसं.”

“टेम्पो येईपर्यंत मिटवा. समेटाला कोण बसणार?”

“वैजयंता.”

“ही?” हेडसर हसले. “अहो मॅडम, निम्मी भांडणं हीच लावते!”

मला राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. एवढं मोठं भांडण आजवर कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. मी हिरवी पट्टी गळ्यात अडकवली आणि दोघींना प्रयोगशाळेत नेऊन कडी लावली. मॅडम बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या.

“आधी पद्मिन,” मी म्हणाले. “बोल.”

“हिनं माझ्या जाण्यात खो घातला. सरांकडं जाऊन. माझ्या पाठीमागं.”

“जुलेखा, आता तिचं म्हण. तिच्याच शब्दांत.”

जुलेखाचा ओठ सुजला होता. ती भिंतीकडे बघत म्हणाली, “ती म्हणते, मी सरांकडं जाऊन खो दिला. तिच्या पाठीमागं.”

“बरोबर?” मी पद्मिनला विचारलं.

“न्हाय. घातला.”

“परत म्हण, जुलेखा.”

“मी खो दिला.”

“घातला म्हण!” पद्मिननं टेबलावर हात आपटला. परीक्षानळ्या खळखळल्या.

“दिला!”

“घातला!”

“ए बाई,” जुलेखा एकदम उसळली, “आधी धड मराठी तरी बोल! खो कुणी घालतं का? खो घालायला तो काय पुरणपोळीवरचं तूप आहे? खो देतात. तू दिलास, मी घेतला, मी पळाले. घालतात म्हणे!”

मला हसू फुटलं. पद्मिनला वाटलं मी तिला हसले. ती उठून दाराकडे निघाली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि पोरींचा “आला, आला!” असा कल्ला ऐकू आला.  जाऊ दे तो नियम, म्हण बाई एकदा ‘घातला’ आणि मिटव, असं अगदी ओठावर आलं होतं.

आणि मग माझी ट्यूब पेटली.

“थांब! पद्मिन, बस खाली. बस म्हणते ना!” मी जुलेखाकडे वळले. “तुला ‘खो घालणं’ म्हणजे काय ते माहीत आहे?”

“चुकीची मराठी,” जुलेखा म्हणाली.

“अगं, खो घालणं म्हणजे एखाद्याच्या कामात आडवं येणं. चाललेलं काम मोडायचं.”

जुलेखा माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या घरी दखनी बोलायचे, आणि मराठीतला ‘खो’ तिला ठाऊक होता तो मैदानावरचा, तेवढाच. “मोडायचं?” ती म्हणाली. “आणि ही समजते की मी... मी मोडलं?”

“तू सरांना नेमकं काय म्हणालीस? एकही शब्द बदलू नको.”

ती खाली मान घालून पुटपुटली, “सरांनी आधी मला विचारलं होतं, जातेस का म्हणून. मी म्हटलं, सर, माझा खो पद्मिनला दिला. मी बसते, तिला उठवा.”

 खो-खो खेळलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. खो देणारी त्या जागेवर बसते आणि घेणारी उठून पळते.

“तेव्हा हौसाकाकू तिथं होती?” मी विचारलं.

“सरांचा चहा घेऊन आली होती.”

पद्मिन मटकन खाली बसली. तिचे डोळे भरले, पण तिचा स्वभावच वाकडा, लगेच फणा काढला. “का दिलास? मी काय भीक मागितली होती? तुला विचारलं होतं तर तू जायचंस!”

“तिचं परत म्हण,” मी जुलेखाला म्हणाले.

“चुलीत घाल तुझं ते ‘परत म्हण’!” जुलेखा ओरडली. “मला जमणारच नाही तिथं. हॉस्टेल आहे ना ते. मला...” तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं. “खोलीतलं खोलीत राहील? आईची शप्पत?”

आम्ही शपथ घेतली.

“मला अजून अम्मीच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप येत नाही,” ती एका दमात म्हणाली. “आता हसा.”

पद्मिन हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. जुलेखानं तिला एक गुद्दा घातला, पद्मिननं तो खाल्ला आणि हसत हसतच जुलेखाच्या गळ्यात पडून रडायला लागली. “ओठ दुखतो का गं?” असं विचारत होती आणि त्याच ओठावर डोकं घासत होती. “दुखतो, हो बाजूला!” जुलेखा किंचाळली. मला इतका आनंद झाला होता, की मी कडी काढायचीच विसरले. बाहेरून हेडसर दार ठोकत होते.

टेम्पोत बसताना मॅडमनी मला हळूच विचारलं, “मिटलं?”

“मिटलं. पण काय होतं ते विचारू नका, मी सांगून टाकीन.”

“नाही विचारत,” त्या म्हणाल्या.

मैदानावर पोचलो तर ही गर्दी! तालुक्याची शाळा समोर, त्यांच्या पोरींना नवे बूट, आमच्या निम्म्या अनवाणी. क्रीडाशाळेच्या बाई निळ्या ट्रॅकसूटमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. गुंड सर त्या दिवशी गुणफलकावर होते आणि आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून आमच्याचकडे बघत होते.

शेवटच्या पाळीत आम्हाला बरोबरीला एक गडी हवा होता आणि जिंकायला दोन. त्यांची शेवटची तुकडी मैदानात आली, आणि तिच्यातली एक गेली लगेच. बरोबरी! राहिल्या दोन. त्यातली एक उंच, पायाला भिंगरी बांधल्यासारखी पळायची. साखळीतनं आत, बाहेर, आत, बाहेर. आमच्या पोरी नुसत्या धापा टाकत होत्या.

“हूल दे, पद्मिन! हूल!” मी बाहेरून घसा फोडला.

पद्मिन जुलेखाच्या पाठीशी आली, हात उचलला, खो देणार असं दाखवलं आणि दिलाच नाही. तशीच पुढं गेली. उंच पोरगी फसली, वळली, आणि पद्मिननं पुढच्या पोरीला खो दिला. तिनं पळून वळसा घालून जुलेखाला दिला. जुलेखा उठली ती सरळ खांबाकडे. उंच पोरगी खांबाआड गेली आणि जुलेखानं सूर मारला. अख्खी आडवी! फाटक्या ओठासकट जमिनीवर! तिची बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली आणि पंचांची शिट्टी वाजली.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी मैदानात धावले, कुणाला तरी उचललं, कुणीतरी मला उचललं. हेडसरांची टोपी कुणीतरी उडवली आणि ते हसत होते. माझा आवाज पुढं कितीतरी दिवस बसला होता.

गुंड सरांनी पद्मिनला हाताला धरून क्रीडाशाळेच्या बाईंसमोर नेलं. “ही आमची मुलगी.”

“ती हूल हिनं दिली ना?” बाई म्हणाल्या. “छान डोकं आहे. येशील आमच्याकडे? वडिलांची परवानगी लागेल.”

“परवानगी न्हाय,” मागून आवाज आला.

मायाप्पा कोळेकर उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायावर वाटेची धूळ. ते पद्मिनकडे बघतही नव्हते. “पोर घरी न्यायला आलोय. मुजावराची पोरगी माझ्या लेकीच्या वाटंत खो घालती आन् तुमी तिच्याच संगं खेळवताय. आपल्याला ते हॉस्टेल बिस्टेल नको.”

“अहो, खो घातला नाही, दिला!” गुंड सर म्हणाले. “जागा तिला मिळत होती. तिनं स्वतःहून तुमच्या मुलीला दिली.”

“दिली?” मायाप्पांनी काठी आपटली. “फुकट कोण देतंय, सर? काय तरी डाव असंल. उद्या गावात सांगंल, आमच्या तुकड्यावर वाढली म्हणून. का दिली ते सांगा आधी.”

सरांना कारण ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि ते माझ्या जिभेच्या टोकावर नाचत होतं. एक वाक्य बोलले असते की काम झालं असतं. मी लोखंडे मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पद्मिनचेही ओठ घट्ट मिटलेले. तिची जागा डोळ्यांदेखत चालली होती आणि तरी ती बोलत नव्हती.

गर्दी वाढली. तालुक्याच्या शाळेच्या पोरी, त्यांची पोरं, चहावाला, सगळे गोल करून उभे.

जुलेखा पुढं आली. कपाळाला माती, ओठातून परत रक्त.

“काका, मी सांगते,” ती म्हणाली. आधी हळू. मग कुणीतरी “मोठ्यानं!” म्हणालं, तशी तिनं खरंच मोठ्यानं सांगितलं. “मला हॉस्टेलात जमणार नाही. मी अजून अम्मीजवळ झोपते. तिच्या पदराचं टोक हातात नसलं तर मला झोप येत नाही. म्हणून दिला. दुसरं काही नाही.”

 मग जो हशा पिकला! पोरं शिट्ट्या मारायला लागली. “अम्मी, पदर दे!” कुणीतरी ओरडलं. जुलेखा कानापर्यंत लाल झाली, पण जागची हलली नाही. मला त्या पोरांचे गळे दाबावेसे वाटले. शांततेचं शिक्षण गेलं खड्ड्यात.

मायाप्पा तेवढे हसले नाहीत.

“हसताय काय रं?” ते गर्दीवर खेकसले. “गप ऱ्हावा!”

ते जुलेखाकडे बघत होते.  मग काठी आडवी टाकून तिथंच मातीत बसले, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “पोरी, तुला सांगता तरी आलं. मी कुणाला सांगू?”

“काय, आप्पा?” पद्मिन त्यांच्याजवळ बसली.

“अर्धं वरीस मी मेंढरामागं. घरी येतो ते तुला बघाया. हौसानं सांगितलं, नावात खो घातला, तवा मला बरंच वाटलं बघ. म्हटलं, चला, ऱ्हायली पोर. तू तिकडं गेल्यावर मला कुठं झोप येतीया?”

पद्मिन आ वासून बापाकडे बघत होती. “तुमी नको म्हणताय ते त्याच्यासाठी?”

“मग कशासाठी गं?”

“आप्पा,” पद्मिन म्हणाली आणि तिचा आवाज रडवेला होता की हसरा ते मला कळेना, “तुमच्या मेंढरांची वाट कुठनं जाती?”

“कुठनं म्हंजी? दिवाळी झाली की ओढ्याकडनं, मग घाट चढून, मग...” मायाप्पा थांबले. क्रीडाशाळेच्या बाईंकडे बघितलं. “बाई, तुमची शाळा घाटावरच्या तळ्यापाशी हाय का?”

“तळ्याला लागूनच,” बाई म्हणाल्या.

“मी घरी असले तर तुमी मला अर्धं वरीस बघत न्हाई,” पद्मिन म्हणाली. “तिकडं असले तर जाताना बघताल आन् येतानाबी बघताल.”

मायाप्पा बोटांवर काहीतरी मोजत बसले. आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे बघत होतो. हेडसरसुद्धा. मग ते उठले, घोंगडी झटकली आणि बाईंना म्हणाले, “अंगठा कुठं लावायचा?”

मी अशी किंचाळले की उरलासुरला आवाजही गेला.

पद्मिन गेली. मायाप्पा स्वतः सोडायला गेले. दिवाळी झाली, मेंढरं घाटाकडे निघाली आणि एके दिवशी क्रीडाशाळेच्या बाईंचा गुंड सरांना फोन आला, की तुमच्या पद्मिनचे वडील आलेत, आनंद आहे, पण आमच्या मैदानावर मेंढरंच मेंढरं झाली आहेत आणि सरावासाठी मुलींना उभं राहायला जागा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला मायाप्पा गावात परतले तेव्हा मी आणि जुलेखा धावत त्यांच्या वाड्यावर गेलो. पद्मिन कशी आहे, बारीक झाली का, तिकडच्या पोरी नीट वागतात का, आमचं सगळं एकदम सुरू झालं. त्यांनी आधी मेंढरं कोंडली, मग घोंगडीवर बसले.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. “पळती, खाती, अभ्यास करती. दुसऱ्या पोरींची भांडनं मिटवती म्हनं.”

“आणि तुम्हाला तिकडं झोप लागली का, काका?” जुलेखानं विचारलं. तिच्याशिवाय ते कुणी विचारू शकलंच नसतं.

“लागली की,” मायाप्पा म्हणाले. “तिच्या हॉस्टेलच्या कुंपनाला पाठ लावून पडलो. सकाळी पोरगीच उठवाया आली.”